मॉरिशसमधला एक मोकळा दिवस आणि अकरा ठिकाणांची यादी

पत्राचा सारांश: पुणे परिसरातील एका वाचक भगिनी दिवाळीच्या सुट्टीत पती, सासू-सासरे आणि अकरावीत शिकणारी मुलगी यांच्यासह पाच रात्रींसाठी मॉरिशसला जाणार आहेत. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आं-फ्लाक येथे आहे. सहल कंपनीच्या कार्यक्रमात समुद्रकिनारा, बोटीची फेरी आणि राजधानी पोर्ट लुईसची ‘उत्तर सफर’ ठरलेली असून एक दिवस पूर्ण मोकळा आहे. त्या दिवशी बेटाची संस्कृती आणि निसर्ग दोन्ही पाहावेत असे घरात ठरले आणि पतींनी अकरा ठिकाणांची यादी तयार केली: पहाटेची डॉल्फिन बोट, कॅसेला प्राणी उद्यान, क्युरपिपचे ज्वालामुखी विवर, जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, गंगा तलाव, चहाचा मळा, ब्लॅक रिव्हर घळीचे दर्शनस्थळ, शामारेलचा धबधबा, सप्तरंगी माती, रमचा कारखाना आणि ल मॉर्न पर्वत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना गंगा तलावावर पूजा करायची आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. मुलीला तिथलेच पक्षी पाहायचे आहेत. सासऱ्यांना काहीही चालते. पत्राच्या शेवटी त्या सहज लिहितात, की त्यांचे माहेर देवगड तालुक्यातले असून पणजोबांचे धाकटे भाऊ उसाच्या कामावर मॉरिशसला गेले ते परतले नाहीत असे आजी सांगत असे, ‘पण त्याचा माग एका दिवसात थोडाच लागणार!’ त्यांचा प्रश्न असा, की कोणीही नाराज न होता यादीतली कोणती तीन ठिकाणे गाळता येतील?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन ठिकाणे गाळण्याविषयी विचारले आहे, आणि मला सहा गाळावीत असे वाटते. घाबरून जाऊ नका. आधी आपण तुमच्या पतींच्याच यादीचा हिशेब मांडू, कारण यादी करणाऱ्या माणसाला यादीपेक्षा हिशेब लवकर पटतो. सकाळी सात ते संध्याकाळी सहा असे अकरा तास धरले, त्यातला एक तास जेवणाचा आणि किमान चार तास गाडीतले वजा केले, तर सहा तास उरतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला जेमतेम बत्तीस मिनिटे येतात. त्यातून गाडी उभी करणे, दोन वयस्कर माणसांना सावकाश उतरवणे, तिकीट, स्वच्छतागृह आणि पुन्हा सगळ्यांना गोळा करून गाडीत बसवणे यांची पंधरा मिनिटे काढली, तर पाहण्यासाठी उरतात सतरा मिनिटे. डॉल्फिनची बोट आणि प्राणी उद्यान या दोन गोष्टी प्रत्येकी दोन-तीन तास खातात, हे तर अजून हिशेबात धरलेलेच नाही. तीन ठिकाणे गाळून आठ ठेवलीत तरी दिवसाचे रूप बदलणार नाही. सगळ्यांना सगळे दाखवून झाले एवढेच समाधान पदरी पडेल.

या यादीच्या मुळाशी एक वाक्य आहे, जे तुमच्या पत्रात दोनदा आले आहे: ‘पुन्हा कुठे जाणार आपण तिकडे!’ हे वाक्य खरे असू शकते. पण पुन्हा येणे होणार नाही म्हणून सगळे पाहून घ्यावे, की पुन्हा येणे होणार नाही म्हणूनच जे पाहू ते नीट पाहावे, हा निर्णय त्या वाक्याने आपोआप होत नाही. तो आपल्याला वेगळा करावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो कोणी केलेलाच नसतो. मला दुसरा पक्ष योग्य वाटतो, विशेषतः सोबत चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे असताना.

दुसरे गृहीतक अधिक खोलवरचे आहे. ‘संस्कृती आणि निसर्ग दोन्ही’ असे म्हणताना आपण नकळत देऊळ एका रकान्यात आणि धबधबा दुसऱ्या रकान्यात लिहितो, आणि मग दोन्ही रकाने सारखे भरण्याच्या मागे लागतो. मॉरिशससारख्या बेटावर ही विभागणी टिकत नाही. मुळात या बेटावर कोणी मूळ रहिवासी नव्हते. डच 1598 मध्ये उतरले, 1638 पासून त्यांनी वस्ती केली, आबनुसाची झाडे तोडली, जावा बेटावरून ऊस आणि हरणे आणली, आणि 1710 मध्ये ते निघून गेले; डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला. पुढे फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतले, आणि 1968 पर्यंत ते त्यांच्या ताब्यात राहिले. आज चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. गाडीच्या खिडकीतून जी हिरवळ दिसेल ती पुष्कळशी उसाची असेल, आणि त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे जे मोठाले ढिगारे दिसतील ते शेत मोकळे करण्यासाठी मजुरांनी हातांनी उचलून रचलेले आहेत. तो ढिगारा निसर्गाच्या रकान्यात घालणार की संस्कृतीच्या?

त्या दगडाविषयी आणखी एक गोष्ट, जी तुमच्या मुलीला आवडेल. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनला तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या एका तप्त केंद्रावरून बाहेर आला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, ते केंद्र मागे राहिले, आणि पुढे त्यानेच सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी समुद्रातून मॉरिशस वर काढले. आज ते शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे. म्हणजे देवगडच्या कड्याचा काळा दगड आणि उसाच्या शेतातला तो ढिगारा यांचे मूळ एकच. हे ठाऊक असलेल्या माणसाला ज्वालामुखीचे विवर वेगळे पाहायला जावे लागत नाही.

तिसरे गृहीतक म्हणजे प्रत्येकाला एकेक ठिकाण वाटून दिले की सगळे खूश होतात. प्रत्यक्षात एकाच्या ठिकाणी बाकीचे चार जण गाडीपाशी उभे राहतात आणि घड्याळ पाहतात. त्याऐवजी ठिकाणे कमी निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला काहीतरी सापडेल एवढा वेळ तिथे ठेवावा. आणि या वाटणीत तुमचे स्वतःचे ठिकाण कोणते? तुम्ही सासूबाईंची पूजा, मुलीचे पक्षी, पतींचा रमचा कारखाना, सगळे मांडलेत. पणजोबांच्या भावाचा उल्लेख मात्र पत्र संपता संपता, जणू काही क्षमा मागत केलात. त्याकडे मी येतेच.

आधी त्या मोकळ्या दिवसाची वाट ठरवू. बेट उत्तर-दक्षिण सुमारे 65 आणि पूर्व-पश्चिम सुमारे 45 किलोमीटर एवढेच आहे, त्यामुळे नकाशावर सगळेच जवळ वाटते. परंतु मधल्या पठारावरची गावे एकमेकांना चिकटलेली आहेत आणि कामाच्या दिवशी सकाळी तिथे वाहनांची दाटी होते. म्हणून ठिकाणांची यादी करण्याऐवजी बेटाची एक बाजू निवडावी. तुमचा मुक्काम पश्चिमेला आहे, तेव्हा तुमची बाजू नैर्ऋत्येची: फ्लिक-आं-फ्लाकहून पठारावर चढून गंगा तलाव, तिथून राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने शामारेल, शामारेलहून घाट उतरून किनाऱ्यावर ल मॉर्न, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने परत. हे एक वर्तुळ आहे. एकदा गेलेला रस्ता पुन्हा येत नाही, आणि चारही ठिकाणी मिळून चढउतार फारसा नाही.

निघावे लवकर. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, त्यामुळे घरी सहाला उठणारी तुमची मंडळी तिथे साडेचारलाच जागी होतील आणि न्याहारीची वाट पाहत बसतील. या सवयीचा लाभ घ्या. दिवाळीच्या सुमारास तिथे साडेपाचच्या आसपास उजाडते. हॉटेलात न्याहारी बांधून देण्याची विनंती आदल्या रात्री करून साडेसहाला गाडीत बसलात, तर साडेसातपर्यंत गंगा तलावावर पोहोचाल. सहलींच्या मोठ्या बसगाड्या यायला तेव्हा बराच अवकाश असतो.

गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या जुन्या विवरात साठलेले पाणी आहे आणि ते समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे, म्हणून पहाटे तिथे धुके आणि गारवा असतो. सासूबाईंसाठी शाल किंवा स्वेटर जवळ हवा, जरी हॉटेलातून निघताना तो हास्यास्पद वाटला तरी. रस्त्यालगत शिवाची 33 मीटर उंचीची मूर्ती उभी आहे. ती 2007 मधली असून बडोद्याच्या सूरसागर तलावातील शिवमूर्तीच्या धर्तीवर घडवलेली आहे, आणि जवळच पुढे दुर्गेचीही तेवढीच भव्य मूर्ती उभी राहिली आहे. बहुतेक प्रवासी इथे मूर्तीच्या पायाशी छायाचित्र काढून परततात. तुम्ही तलावाच्या काठापर्यंत चालत जा. वाट सपाट आहे, काठावर शंकराची व इतर देवांची मंदिरे आहेत, आणि पूजेसाठी पुजारी सकाळी भेटतात. टेकडीवरच्या हनुमानाकडे मात्र पायऱ्या आहेत, तिथे सासूबाईंनी खालूनच नमस्कार करावा.

सासूबाईंना एक गोष्ट आधी सांगून ठेवलीत तर बरे होईल. हे पुराणकाळापासून चालत आलेले तीर्थ नाही. मळ्यांवर राबायला आलेल्या माणसांच्या श्रद्धेने ते उभे राहिले: 1898 मध्ये उत्तरेकडच्या त्रिओले गावातून काही भाविक झाडीतून वाट काढत या तळ्यापर्यंत चालत आले, आणि पुढे 1972 मध्ये गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले. आज महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसे सजवलेल्या कावडी घेऊन पायी इथे येतात, वाटेत गावोगावची माणसे, त्यांत इतर धर्मांचीही, त्यांना खाऊपिऊ घालतात. आपल्याकडची वारी पाहिलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावे लागत नाही. आपल्या देवाला परमुलखात जागा करून देणारी ती माणसे ज्या पाण्यापाशी थांबली तिथे आपण उभे आहोत, हे कळले तर मूर्तीच्या उंचीपेक्षा ते सासूबाईंच्या अधिक लक्षात राहील असे मला वाटते. इथे दीड तास द्या. माकडे असतात, प्रसादाची पिशवी उघडी ठेवू नये, आणि मुलीने कितीही आग्रह केला तरी त्यांना खायला घालू नये. ती माकडेही बाहेरून आणलेली आहेत आणि मूळ पक्ष्यांची अंडी फस्त करतात.

इथून शामारेलकडे जाणारा रस्ता ब्लॅक रिव्हर घळींच्या राष्ट्रीय उद्यानातून जातो. 1994 मध्ये स्थापन झालेले हे उद्यान सुमारे 67 चौरस किलोमीटरचे आहे आणि उरल्यासुरल्या मूळ जंगलाचा मोठा भाग इथेच आहे. रस्त्याला लागून असलेल्या घळीच्या दर्शनस्थळापर्यंत थोडेसेच चालावे लागते, शुल्क नाही, आणि समोर खोल दरी, पलीकडे धबधब्याची रेघ आणि दूरवर समुद्र दिसतो. इथे मुलीला तिचा एक तास द्या, आणि बाकीच्यांनी कठड्यापाशी बसावे. दरीवर लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी तरंगत असतात. ते जवळजवळ नक्की दिसतात. गुलाबी कबूतर किंवा मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा दिसेलच असे वचन कोणी देऊ नये. 1974 मध्ये रानात या ससाण्याचे अवघे चार पक्षी उरले होते. अंडी उचलून, पिले वाढवून, पुन्हा रानात सोडून त्यांची संख्या काहीशेवर नेण्यात आली, आणि जगभरच्या पक्षी संवर्धनात हे उदाहरण आजही दिले जाते. मुलीने निघण्यापूर्वी एवढे वाचून ठेवले, तर पक्षी दिसला नाही तरी त्या दरीकडे पाहण्याची तिची नजर वेगळी असेल.

आणि हॉटेलच्या अंगणात तिला साळुंकी आणि बुलबुल दिसतील, तेव्हा ‘हे तर आपलेच!’ म्हणून तिने पाठ फिरवू नये. साळुंकी भारतातून 1762 मध्ये मुद्दाम नेण्यात आली, पिकांवरचे टोळ खाण्यासाठी. आपल्या पोपटाचे भाईबंदही तिथे पसरले आहेत आणि तिथल्या मूळ एको पोपटाच्या अन्नावर व घरट्यांवर हक्क सांगतात. परमुलखात गेलेल्या प्रत्येकाची कहाणी सारखी नसते, हे अकरावीतल्या मुलीला पक्ष्यांवरूनही कळू शकते.

शामारेलविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सहल कंपन्या भरपूर लिहितात. धबधबा आणि सप्तरंगी माती एकाच प्रवेशद्वारातून पाहता येतात, तिकीट आहे, आणि धबधबा पाहण्याच्या एका जागेपर्यंत फार चढ नाही. धबधबा सुमारे शंभर मीटरचा असून ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले कोरडे महिने असल्याने पाणी कमी असेल. जाहिरातीतले छायाचित्र मनात धरून जाऊ नका. माती मात्र खरोखर पाहण्याजोगी आहे. काळ्या दगडाची झीज होऊन विरघळणारी द्रव्ये पावसाने वाहून गेली, आणि मागे राहिलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांनी तिला तांबडा, तपकिरी, जांभळट असे रंग दिले. कोकणातला जांभा दगड जवळपास याच रीतीने तयार होतो, त्यामुळे तुमच्यापुरते तरी ते चमत्कार न राहता ओळखीचे निघेल. सगळे मिळून सव्वा तास पुरतो. रमचा कारखाना तिथून जवळ आहे. पतींचा फारच जीव असेल तर त्यांनी एकट्याने तासभर जाऊन यावे आणि तोवर बाकीच्यांनी गावातल्या एखाद्या खानावळीत सावकाश जेवावे. त्यांना एकट्याने जायला फारसा उत्साह वाटणार नाही असा माझा अंदाज आहे.

जेवणाबाबत शाकाहारी कुटुंबे उगाच धास्तावतात. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली, पातळ, मऊ डालपुरी हे तिथले रस्त्यावरचे सर्वांचे खाणे आहे. ती बहुधा दोनदोनच्या जोडीने मिळते आणि आत घेवड्याची भाजी, टोमॅटोची चटणी व लोणचे घालून गुंडाळून देतात. मिरचीची चटणी वेगळी मागावी, कारण ती आपल्या कल्पनेपेक्षा तिखट असते. बिहारी मजुरांची ती शिदोरी आज सगळ्या बेटाचे खाणे झाली आहे. दिवाळीच्या दिवसांत रताळ्याच्या पारीत ओल्या नारळाचे सारण भरून तळलेली करंजीसारखी मिठाई मिळाली तर ती सोडू नका. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शेजारीपाजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ताटे पोहोचवली जातात, आणि संध्याकाळी गावे दिव्यांनी उजळतात. तुमची एखादी संध्याकाळ त्या दिवशी येत असेल तर हॉटेलातल्या कार्यक्रमाऐवजी जवळच्या गावातून एक फेरफटका मारावा.

दुपारी तीनच्या सुमारास शामारेलहून किनाऱ्याकडे उतरा. घाट वळणावळणाचा आणि तीव्र उताराचा आहे. गाडी लागणाऱ्या माणसाला पुढे बसवा. ल मॉर्न हा 556 मीटर उंचीचा, समुद्रात घुसलेला कडा आहे आणि तो चढायचा असेल तर तीन-चार तास आणि वाटाड्या लागतो, त्यामुळे तो विचार तुमच्यासाठी नाही. पण पायथ्याशी गुलामांच्या स्मरणार्थ दगडी शिल्पांचे स्मारक आहे आणि लगत सार्वजनिक किनारा आहे. मादागास्कर, मोझांबिक आणि इतर प्रदेशांतून आणलेले गुलाम मळ्यांवरून पळून या कड्यावर आसरा घेत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली. सुटकेची वार्ता घेऊन येणारे शिपाई पाहून आपल्याला पकडायलाच आले अशा समजुतीने काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोककथा तिथे सांगितली जाते. 2008 मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. संस्कृती म्हणजे आपल्याच माणसांची देवळे, अशी समजूत घेऊन आपण परदेशात फिरत असतो. त्या समजुतीला हा कडा थोडा धक्का देतो, म्हणून मी तो यादीत ठेवला आहे. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आजी-आजोबा सावलीत बसलेले, मुलगी पाण्यात, आणि कोणालाही कुठेही निघायची घाई नाही, असे दोन तास तुमच्या सहलीत हवेत असे मला वाटते. तिथून तुमचे हॉटेल पाऊण तासावर आहे.

उरलेल्यांपैकी जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, चहाचा मळा आणि विवर गाळण्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. पहिले तर मुख्यतः दुकान आहे, आणि अशा दुकानांत गिऱ्हाईक आणणाऱ्याला दलाली मिळते. डॉल्फिनची बोट मात्र मी विचारपूर्वक गाळते आहे. अनेक बोटी एकाच कळपाला वेढून त्याचा पाठलाग करतात तेव्हा प्राण्यांना त्रास होतोच, आणि निसर्गाची आवड असलेल्या मुलीला तो पाठलाग पाहून आनंद होईल की अपराधी वाटेल, हे तुम्ही तिलाच विचारा.

आता तुमच्या पणजोबांच्या भावाविषयी. त्यासाठी मोकळा दिवस खर्चण्याची गरज नाही, कारण वाट तुमच्या ठरलेल्या कार्यक्रमातच आहे. ‘उत्तर सफरी’त पोर्ट लुईसच्या बंदरावरील खरेदीसंकुलात फिरण्यासाठी वेळ देतात. तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आप्रवासी घाट आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी पहिले करारबद्ध भारतीय मजूर या बेटावर उतरले, 1849 मध्ये त्यांच्यासाठी या जागी तळ उभारला गेला, आणि 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख माणसे भारतातून आली. काही इथेच मळ्यांवर राहिली, काहींना पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवण्यात आले. कलकत्ता आणि मद्रासच्या तुलनेत मुंबई बंदरातून गेलेले थोडे होते, आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गकडची माणसे होती. तळाचा थोडासाच भाग शिल्लक आहे, पण बोटीतून उतरून ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून ती माणसे आत गेली त्या पायऱ्या आहेत. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे, प्रवेशशुल्क नाही, शेजारी माहिती केंद्र आहे. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ते बंद असते आणि शनिवारी लवकर बंद होते, म्हणून सफरीचा वार आधी पाहून घ्या. वार जुळत नसेल तर कंपनीला आताच दिवस बदलून मागा, कारण तिथे पोहोचल्यावर ते कोणी करणार नाही. 2 नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा स्मृतिदिन असतो आणि घाटावर समारंभ होतो.

नावाचा माग लागेल का? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदी जतन केल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज अशी माहिती असते, आणि 1860 नंतरच्या दशकांतील काहींची छायाचित्रेही आहेत. परंतु प्रवाशाने वाटेत डोकावून विचारावे अशी ती जागा नाही. निघण्याच्या पुष्कळ आधी संस्थेला लेखी विचारणा करावी, आणि त्याआधी माहेरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या गृहस्थांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गावाचे तेव्हाचे नाव आणि जाण्याचे अंदाजे वर्ष मिळवावे. आडनावावर विसंबू नका. तळावरच्या नोंदींत बहुधा स्वतःचे आणि बापाचे नावच लिहिले गेले, आणि पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. संस्थेचे उत्तर सहलीआधी आले तर उत्तम. नाही आले तरी शोध घरी बसून पुढे चालू ठेवता येतो.

तिथली मराठी माणसे भेटतील का, असेही तुम्ही विचारले आहे. तुमच्या मुक्कामाजवळच्या कास्कावेलसारख्या गावांत मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत; गणेशचतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्यांची ‘झाकरी’ ही कोकणातल्या जाखडी या लोकनृत्याची बहीण आहे. मात्र घरात बहुतेकांची बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा, आहे. गाडीचालक किंवा दुकानदार मराठी वंशाचा निघाला आणि त्याला मराठी आली नाही, तर कृपया आश्चर्य किंवा खेद दाखवू नका. सात-आठ पिढ्यांनंतर गणपती बसवणारा माणूस आपली परीक्षा द्यायला तिथे बसलेला नाही.

गाडीविषयी. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे पतींना स्वतः चालवण्याचा मोह होईल. परंतु घाटात आणि धुक्यात ते रस्त्याकडे पाहतील, दरीकडे नाही. दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा, चार ठिकाणे आणि परतीची वेळ कागदावर लिहून द्या, रक्कम आधी ठरवा, आणि दुकानांत थांबायचे नाही हे सौम्यपणे पण पहिल्याच वाक्यात सांगा. सकाळी चालकाला पठारावरचे हवामान विचारा. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना वर मुसळधार पाऊस असू शकतो. तसे असेल तर वर्तुळ उलटे फिरवून ल मॉर्नपासून सुरुवात करा आणि गंगा तलाव दुपारी ठेवा. दिवसभर पाऊस राहणार असेल तर घळ गाळा, पूजा गाळू नका.

मुक्काम अन्यत्र असलेल्या वाचकांसाठी एवढेच, की वरची वाट जशीच्या तशी उचलू नये. उत्तरेला ग्राँ बे येथे राहणाऱ्यांनी सकाळी आप्रवासी घाट आणि दुपारी पाम्पलमूसची वनस्पती बाग असा दिवस आखावा. तिथली परातीएवढ्या पानांची कमळे आणि आयुष्यात एकदाच फुलणारा तालिपोत ताड वयस्कर माणसांना सपाट वाटेवरून पाहता येतो. आग्नेयेला माहेबूरजवळ राहणाऱ्यांना, आणि परतीचे विमान रात्रीचे असलेल्यांनाही, विमानतळाजवळचे ईल-ओ-झेग्रेत हे 26 हेक्टरांचे छोटे बेट सोयीचे आहे. तिथे वन्यजीव संस्थेच्या मार्गदर्शकासोबतच जाता येते, महाकाय कासवे आणि गुलाबी कबुतरे दिसण्याची शक्यता राष्ट्रीय उद्यानापेक्षा बरीच अधिक असते, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. बोटीत चढताना-उतरताना मात्र पाऊल उचलावे लागते, तेव्हा गुडघ्यांचा विचार त्यांनीही आधी करावा.